दगड झालेले पोते

परवा आमच्या सोसायटीच्या जिन्याच्या दुरुस्तीसाठी सिमेंटची वीस पोती येऊन पडली. मी खाली उतरलो, चष्मा पुसला आणि एकेका पोत्यावर छापलेला आठवडा नि साल वाचू लागलो. गॅलरीतून सौ. म्हणाली, "अहो, सिमेंट बघताय की वांगी निवडताय?"

खोड जुनी आहे. मुंबई बंदरात उतरणाऱ्या मालाची तपासणी करण्यात माझी सारी नोकरी गेली.

तुम्ही म्हणाल, त्या करड्या भुकटीत बघायचे काय? पोत्यावरचा ५३ हा आकडा तरी बघा! वाळू-सिमेंटचा ठोकळा करून तो पाण्यात ठेवतात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. दर चौरस मिलिमीटरला ५३ न्यूटन सोसले, की ते सिमेंट ५३ चे. आपल्याकडे ३३, ४३, ५३, युरोपात ३२.५, ४२.५, ५२.५. आमच्या शेजाऱ्यांना साध्या गिलाव्यालाही ५३ च लागते, जणू मुलाच्या परीक्षेतले गुण! पण हा आकडा कारखान्याच्या दारातला. पोते तीन महिन्यांहून जास्त पडून राहिले, तर पुन्हा तपासल्यावाचून वापरू नये. ज्या पाण्याने सिमेंटला बळ येते, तेच पाणी अवेळी भेटले की सारे संपले.

म्हणून तर समुद्रावरून नेताना एवढा खटाटोप. एकोणिसाव्या शतकात ते लाकडी पिंपांतून जाई. मग तागाची पोती आली, कागदाची आली, प्लास्टिकच्या धाग्याची आली. कागदी पोत्याला हमालाचा आकडा लागला की ते फाटलेच. म्हणून मालाबरोबर काही रिकामी पोतीही पाठवतात. आता बरेचसे सिमेंट सुटेच जहाजात भरतात आणि हवेच्या जोराने नळीतून उपसतात. काही व्यापारी त्याहून शहाणे. ते न दळलेले क्लिंकरचे खडेच पाठवतात; दळण ज्याचे त्याने आपल्या दारी करावे!

शहाणपण नसले की काय होते, ते १९७५ साली नायजेरियात दिसले. तेलाचा पैसा हाती आला आणि तिथल्या सरकारने सुमारे दोन कोटी टन सिमेंट मागवले. लागोसच्या बंदराचा आवाका त्यापुढे अगदीच तोकडा. शेकडो जहाजे महिनोन् महिने बाहेर नांगर टाकून उभी. खोळंब्याचे भाडे चढत होते आणि आत, त्या दमट हवेत, काही जहाजांच्या पोटात सिमेंटचे दगड होत होते. आमच्या कचेरीत मी नवा होतो तेव्हा ही गोष्ट हसत हसत सांगत. मीही हसलो होतो.

१९८१ च्या पावसाळ्यात माझे हसू गेले. तेव्हा सिमेंट परमिटावर मिळे आणि तुटवड्यापायी परदेशातूनही येई. असेच एक जहाज गोदीत लागले होते. सर आली आणि झाकण ओढायला उशीर झाला. वरचा थर भिजला, तो मी बाद केला. त्याखालचा थर? पोती मधे मऊ, कोपऱ्यांना टणक. माल मागवणाऱ्यांचा माणूस म्हणाला, "साहेब, लोक परमिट घेऊन रडतायत. चाळून घेतील." आमचे दादाच त्या रांगेत होते. गावी घराच्या भिंती उभ्या राहून आठ महिने झाले होते. मी सही केली.

दिवाळीच्या सुमारास दादांचे परमिट पिकले. मी गावी गेलो तेव्हा पोती पडवीत फळ्यांवर नीट रचलेली. कोपरे दाबून पाहिले. टणक! छाप परदेशी. त्याच जहाजातली होती का, देव जाणे.

"यानं स्लॅब घालायचा नाही," मी म्हणालो.

"चाळून घेऊ की."

"नको."

"आठ महिने पायऱ्या झिजवल्या रे त्यासाठी!" दादांचा आवाज चढला. "तुला काय ठाऊक, मुंबईला बसून?"

मला काय ठाऊक होते ते सांगायला तोंड उघडले नाही. ते सिमेंट अंगणाच्या फरशीखाली गेले. स्लॅब पुढच्या वर्षी पडला आणि तोवर आईने पत्र्याखाली स्वयंपाक केला. दादा माझ्याशी संक्रांतीपर्यंत धड बोलले नाहीत.

एक पोते मात्र आतून-बाहेरून दगडच झाले होते. कागद सोलून निघाला, पण कोपरे, वळकट्या, शिवणीची रेघ, सारे जसेच्या तसे. आईने ते विहिरीपाशी नेऊन ठेवले आणि पुढे वीस वर्षे त्यावर धुणे धुतले. दादा पाहुण्यांना कौतुकाने दाखवीत, "हे बघा परदेशी सिमेंट!"

दोघेही आता नाहीत. दगड आहे.

जिन्याची वीसही पोती मी दाबून पाहिली. दोन परत पाठवली. कंत्राटदार कुरकुरला.