उशी

आजाऱ्याची शुश्रूषा कशी करावी हें आपल्याला उत्तम समजतें, असा आपल्या घरांतल्या प्रत्येकाचा समज असतो. माझाहि होता. खोलींत अंधार करावा, पोरांना ओरडूं देऊं नये, पेज पाजावी आणि रोग्याला निजूं द्यावें. एवढ्या भांडवलावर मी दोन वर्षांपूर्वीं रुग्णालयांत दादाच्या उशाशीं जाऊन बसलों. कर्करोगामुळें त्याच्या उजव्या फुप्फुसाच्या तीन खंडांपैकीं वरचा खंड काढून टाकला होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याचा नुकताच डोळा लागला होता, तोंच सिस्टर आल्या आणि त्यांनीं त्याला जागें केलें. वयानें त्या माझ्या विद्यार्थिनींएवढ्या. "काका, उठून बसा. खोकायचंय." बरगड्यांमध्यें ताजी जखम असलेल्या माणसाला खोकायला लावायचें! मी वर्गांतल्या आवाजांत म्हणालों, "त्यांना विश्रांति घेऊं द्या."

त्यांनीं माझ्याकडे पाहिलें देखील नाहीं. वेदनाशामक औषध त्या अर्ध्या तासापूर्वींच देऊन गेल्या होत्या. तें कशासाठीं, हें मला आतां कळलें. डोक्याखालची उशी काढून त्यांनीं ती जखमेच्या बाजूला धरली आणि दादाचे हात तिच्याभोंवतीं आवळले. "हिला मिठी मारा, आणि खोका." दादाच्या डोळ्यांतून पाणी आलें. छातींतून निघालेल्या नळीचें टोक खाटेखालच्या बाटलींत पाण्याखालीं बुडविलेलें होतें; तेथें बुडबुडे उसळले. सिस्टर वांकून ते पाहत होत्या.

"दुखतं म्हणून हे श्वास वरवर घेतात," मागाहून त्या म्हणाल्या. "मग कफ आंत सांचतो, आणि न्यूमोनिया झाला तर एवढं ऑपरेशन फुकट."

ती बाटली छातीच्या पातळीखालींच असावी लागते, नाहीं तर तिच्यांतलें पाणी उलट छातींत जावयाचें. केर काढणाऱ्या बाईंच्या सोयीसाठीं मी एकदां ती उचलूं लागलों, तेव्हां सिस्टरनीं दारांतूनच जो आवाज दिला, तो तीस वर्षांच्या अध्यापनांत मला साधलेला नाहीं.

१९३३ सालीं अमेरिकेंतल्या सेंट लुईस येथें एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनीं जेम्स गिलमोर नांवाच्या डॉक्टरांचें कर्करोगानें ग्रासलेलें अख्खें फुप्फुस काढलें. रोगी शस्त्रवैद्यामागेंहि जगला. ग्रॅहॅम १९५७ मध्यें त्याच रोगानें गेले. मी वाचलेल्या हकिगतींत हीं दोन्ही नांवें ठळक आहेत. परिचारिकेचें नांव नाहीं.

तिसऱ्या दिवशीं पहांटे औषध देऊन सिस्टर शेजारच्या खाटेकडे वळल्या. तेथला रोगी एकाएकीं कण्हूं लागला होता. त्या तेथेंच अडकल्या. अर्धा तास झाला. दादा गाढ झोपला होता, पण त्याची छाती जेमतेम हालत होती. त्याला उठवावयास माझा हात धजेना. शेवटीं मीं उशी ओढली.

"तूंसुद्धां?" तो म्हणाला.

"खोक, दादा."

तो खोकला. मी बाटलीशीं वांकलों. बुडबुडे आले नाहींत. पाणी नुसतें नळींत वर चढलें आणि उतरलें. फुप्फुसांतून हवा गळावयाची थांबली कीं असें होतें, हें सिस्टरनीं मला सांगून ठेवलें होतें. त्यांनीं पलीकडून मान वळवून एकदां पाहिलें आणि त्या पुन्हां आपल्या कामाला लागल्या.