टाकून द्यायचा कंदील

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय चिऊ,

तुझं खोकं परवा मिळालं. "आत्या, ठेवायचा तर ठेव, नाहीतर टाकून दे" ही चिठ्ठी वाचून मी तो कंदील मुद्दाम गॅलरीत टांगला, रस्त्यावरून दिसेल असा. चैत्रात आकाशकंदील लागलेला पाहून समोरच्या काकूंनी विचारलंच, "यंदा दिवाळी लवकर का हो?" मी म्हटलं, भाचीनं केलाय, तिला वाटेल तेव्हा दिवाळी.

फोनवर तू रडत होतीस तेव्हा मी फारसं बोलले नाही, कारण वस्तू पाहिली नव्हती. "हे हस्तकलेत मोडतं, यात डिझाइन कुठे आहे?" असं या कंदिलाबद्दल परीक्षक म्हणाले, एवढंच कळलं होतं. आता तीन रात्री तो समोर आहे. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाईनं तीन रात्री पाहिलंय, तेव्हा थोडं ऐकून घे.

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर फाटके पतंग गोळा करत होतीस, तेव्हा मला वाटलं पोरगी साफसफाई करतेय. त्यांच्या कामट्या तू जपून सोडवल्यास. पतंगाची आडवी कामटी वाकलेली असते. तो बाक मोडण्याऐवजी तू आठ कामट्या एकमेकींत अडकवून सांगाडा उभा केलास. तार नाही, खिळा नाही. सांधे सद्दीनं, म्हणजे बिनकाचेच्या दोऱ्यानं बांधलेस. मांजा घेतला असतास तर त्या काचेनं कागदच कापला गेला असता. फाटक्या जागी दुसऱ्या रंगाची ठिगळं खळीनं लावलीस. दिवा लागला की ठिगळाच्या जागी कागद दुहेरी होतो आणि तिथेच रंग गडद होतो. म्हणजे जिथे पतंग फाटला होता, नेमकी तीच जागा नक्षी होते. बये, डिझाइन म्हणजे दुसरं काय असतं?

पण एक सांगते, परीक्षक अगदीच चुकले नाहीत. खोक्यात तुझा प्रेरणेचा तक्ताही आला. वर 'निसर्ग' असं लिहिलंयस आणि खाली पिंटरेस्टवरची समुद्राची, शंखांची, कुठल्या तरी परदेशी कमळाची चित्रं चिकटवलीस. तुझ्या कंदिलात शंख कुठे आहे गं? गच्ची आहे, ठिगळ आहे, वाकलेली कामटी आहे, तेवढंच तक्त्यावर नाही. तू त्यांना खोटा पत्ता दिलास आणि ते त्या पत्त्यावर जाऊन परत आले. शिवाय खाली मंगळ बाजारातली सोनेरी लेस लावलीस, ती मी आज कात्रीनं काढली. रागावू नकोस. साडीच्या फॉलसारखी लोंबत होती.

'हस्तकला' हा शब्द तुला शिवीसारखा लागला, ते मात्र मला पटलं नाही. तू बडोद्याची आहेस. सयाजीरावांनी 1890 साली कलाभवन काढलं तेव्हा ते सोपवलं कुणाकडे, तर त्रिभुवनदास गज्जरांकडे, म्हणजे एका रसायनशास्त्रज्ञाकडे. तिथे चित्रकलेबरोबर रंगाई, विणकाम, सुतारकाम शिकवत. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. विद्यापीठात 1950 साली फाइन आर्ट्स सुरू झालं, बेंद्रे चित्रकला शिकवायला आले आणि पुढच्या वर्षी के. जी. सुब्रमण्यन. हे सुब्रमण्यन मध्ये दोनेक वर्षं मुंबईला हातमाग मंडळात होते. परत आले ते विणकर, कुंभार, खेळणी करणारे असे सगळे डोक्यात घेऊन. पुढे फाइन आर्ट्सच्या जत्रेसाठी त्यांनी लाकडी मणी, चामडं, दोरा यांची प्राणी-पक्ष्यांची खेळणी केली. एवढा मोठा चित्रकार, आणि पोरांच्या जत्रेत विकायला खेळणी करतो.

त्या जत्रेतून मी कॉलेजात असताना एक पक्षी आणला होता. कुणी केला ठाऊक नाही, असेल कुणी तुझ्याच वयाचा विद्यार्थी. चार मणी, चामड्याचे दोन तुकडे, बस्स. एक पंख उंदरानं कुरतडला, तरी मान अजून तशीच कलते. लहानपणी त्याची मान तू इतकी फिरवलीस की दोरा बदलावा लागला. बदलताना मी पाहिलं, आत गाठ अशी मारली होती की मान एका बाजूलाच जास्त वळावी. एका गाठीत त्यानं पक्ष्याला स्वभाव दिला होता.

सत्त्वशीलादेवींचंही सांगते. ही गायकवाडांची लेक, लग्न होऊन सावंतवाडीला गेली. तिथे गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, करणारं एकच वयस्कर चिताऱ्याचं घर उरलं होतं. राणीसाहेब स्वतः त्या पुंडलिक चिताऱ्यांकडून शिकल्या आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. दशावताराच्या डावात एकशेवीस गोल पत्ते, प्रत्येक हातानं रंगवलेला. अशी एकशेवीस वर्तुळं काढायची, तर पहिल्याइतकंच एकशेविसाव्याकडे लक्ष हवं. तू कंदिलाच्या आठव्या बाजूला ठिगळं घाईघाईत लावलीस, ते दिसतं हं.

सुट्टीत आलीस की आपण संखेड्याला जाऊ. तिथले खरादी लाकडावर कथलाच्या लेपानं नक्षी काढतात. ती दिसते चांदीसारखी. मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरली की घासण्याच्या उष्णतेनं लाख वितळून वर चढते आणि खालची चांदी सोन्यासारखी दिसू लागते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सेवउसळीची भूक विसरून उभीच राहिले होते. तिथे वही घेऊन ये, फोन पिशवीत ठेव. आणि परत आल्यावर नवा तक्ता कर. त्यावर आपल्या गच्चीचा फोटो लाव, तुझ्या बोटांना कामटीची कुसळं लागली होती तो लाव. हाच कंदील पुन्हा मांडता येत असेल तर मांड. गुण वाढतील असं मी म्हणत नाही.

आता कामाचं. दिवा मी साधा पिवळा लावला होता, त्यानं वरचा गुलाबी कागद तपकिरी पडू लागलाय, म्हणून उद्या एलईडी आणते. सातव्या बाजूचं निळं ठिगळ काल वाऱ्यानं सुटलं. मला चिकटवता येतं, पण तुझी खळ पातळ आहे की माझी दाट, ते तू आल्याशिवाय ठरायचं नाही. येताना सद्दीचं एक रीळ घेऊन ये. इथे आता उत्तरायणापर्यंत मिळायचं नाही.

तुझी,
आत्या