महेश्वरच्या वाटेवर एक दार

इंदूरकर मराठी कुटुंबांना महेश्वर परके नाही. अहिल्याबाईंनी १७९५ साली जेथे देह ठेवला, त्या गावी वर्षातून एकदा जाऊन नर्मदेची ओटी भरावी, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. यंदाही आम्ही उभयता मातोश्रींना घेऊन निघालो. वाट नव्वद-एक किलोमीटरची. वाहन मात्र वडिलांनी घेतलेली जुनी अ‍ॅम्बॅसॅडर. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली या गाडीचे उत्पादन थांबले. आमच्या अंगणात ती अद्याप नांदते आहे.

महू मागे पडले, मानपूर आले, की माळव्याचे पठार संपते आणि रस्ता घाटाने निमाडात उतरू लागतो. त्या उतारावर, एका वळणाशी, पुढचे डावे दार एकाएकी सताड उघडले. त्या बाजूस आई बसली होती. पट्टा बांधलेला होता म्हणूनच केवळ पुढचा अनर्थ टळला. दोरीने दार कसेबसे बांधून आम्ही धामनोद गाठले.

दार नीट लागत नाही, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. घरी एका कारागिराने चौकटीवरची, कुलूप अडकते ती खुंटी थोडी खाली बसवून दिली होती, आणि तेवढ्यावर आम्ही समाधान मानले होते. धामनोदच्या वृद्ध मिस्त्रींनी कुलपाकडे पाहिलेसुद्धा नाही. दार अर्धवट उघडून त्यांनी त्याचे मोकळे टोक दोन्ही हातांनी वर उचलले. दार अर्धे बोट वर आले आणि सांध्यात ‘टक्’ असा आवाज झाला. दोष बिजागऱ्यांचा होता. उपचार कुलपावर चालला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

दाराचा सारा भार दोन बिजागऱ्यांवर असतो. वरचीवर ताण येतो, खालचीवर दाब. पिन फिरता फिरता एका अंगाने झिजते, तिचे भोक गोल न राहता लंबगोल होते. तेथे केसभर झीज झाली, तरी कुलपाच्या टोकाशी ती वाढून दिसते. कारण दोन बिजागऱ्यांमधील अंतर दाराच्या रुंदीहून बरेच कमी असते. मग कुलूप पुरते अडकत नाही, आणि हादऱ्यासरशी सुटते.

दाराखाली जॅक, त्यावर लाकडी ठोकळा आणि ठोकळ्यावर चिंधी ठेवून त्यांनी प्रथम भार पेलून घेतला. बिजागरीभोवती खडूने रेघ ओढली, म्हणजे ती परत बसविताना जागा चुकू नये. दोन्ही बिजागऱ्या एकदम सोडल्या नाहीत. एक झाल्यावर दुसरी. खांबाच्या पत्र्याला चीर नाही, याची खात्री केली. शेजारच्या लेथवर भोके पुन्हा गोल करून त्यांत पितळी बुश बसविले, नव्या पोलादी पिना कातून घेतल्या. खुंटी मूळ जागी नेली, ती सर्वांत शेवटी. तीन तास गेले.

हेच दार का झिजले, याचाही उलगडा तेथेच झाला. गुडघे दुखू लागल्यापासून गेली कित्येक वर्षे आई गाडीतून उतरताना उघड्या दारावर सारा भार टाकून उठते. हे ऐकून ती ओशाळली. “म्हणजे दार मीच पाडले म्हणायचे!” ती म्हणाली. मिस्त्री हसले. माताजींच्या हाताने दार पडत नसते, ते तेलावाचून पडते, असे त्यांनी तिला हिंदीत समजाविले, आणि एका मोडीत निघालेल्या गाडीची मूठ आमच्या गाडीच्या आतल्या खांबावर घट्ट बसवून दिली.

आम्ही मात्र मनोमन वरमलो. आमच्या जुन्या वाड्याचे दार दगडी खळग्यात फिरणाऱ्या लाकडी खुंटावर उभे होते. दर दसऱ्याला आजोबा त्या खळग्यात स्वहस्ते तेल सोडीत आणि मगच तोरण बांधीत. आम्ही गाडीला झेंडूचा हार घालीत आलो, कुंकू लावीत आलो; बिजागरीत तेलाचा थेंब सोडण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. तोरण तेवढे आमच्याकडे उरले होते.

महेश्वरला पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. गाडी थांबताच आईचा हात सवयीने दाराकडे गेला, क्षणभर अडखळला, आणि मग नव्या मुठीवर स्थिरावला. ती सावकाश उठली. दार मागे लावले, तेव्हा ते आपटावे लागले नाही. ओटीची पिशवी सांभाळीत आम्ही तिघे घाटाच्या पायऱ्यांकडे चालू लागलो.