शिबिराच्या वहीत कान नव्हते

नागपुरात मोतीबिंदूचं शिबिर भरवणं तसं अवघड नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, शहरात दोन सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, गरिबाला ऑपरेशन मोफत मिळतं. आमची शिबिरं पाचपावली, टांडापेठ, गोळीबार चौक या भागांत व्हायची. येणारे बहुतेक एम्प्रेस मिल या कापडगिरणीचे जुने कामगार, नाहीतर मागावर जन्म काढलेली कोष्टी मंडळी. वहीत मी नाव, वय, उजवा डोळा, डावा डोळा आणि ऑपरेशनची तारीख लिहीत असे. कानाचा रकाना कधी आखलाच नाही. माग चालू असलेल्या खोलीत शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं, हे मी रोज पाहत होते. अशा आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि परत येत नाहीत, हेही शिकले होते. तरी सुचलं नाही.

ऑपरेशननंतरच्या सूचना मी सगळ्यांना एकदमच सांगायची. "समजलं ना काका?" विचारलं की माना हलायच्या. त्यातल्या एका काकांनी चार दिवसांत थेंब बंद केले. डोळा लालभडक झाल्यावर मुलगी त्यांना घेऊन आली, तर मी काकांवरच चिडले. मुलगी म्हणाली, "मॅडम, बाबांना ऐकू नाही येत. ते तोंडाकडे पाहून समजतात. त्या दिवशी एका डोळ्यावर पट्टी होती, अन् दुसऱ्यातही मोतीबिंदूच आहे न जी."

डोळा वाचला. पण कमी ऐकणारा माणूस निम्मं ओठांवरून ऐकतो आणि मोतीबिंदू ते ओठच पुसून टाकतो, हे मला त्या मुलीकडून कळावं? अशा कितीतरी जणांना घरचे 'भ्रमिष्ट झाले' म्हणायचे आणि मीही तसंच धरून चालायची. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण उपाय करता येण्याजोग्या गोष्टींत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली कमी ऐकू येणं घेतलं, २०२४ साली कमी दिसणंही.

मग मी दुसरं टोक गाठलं. देणगीतून कानाची मशिनं आणली, वाटली, फोटो काढले. काही महिन्यांनी घरोघरी गेले तर मशिनं डब्यात, सेल संपलेले. एक आजी म्हणाल्या, "बाई, माणसाचा आवाज येतच नाही, भांड्यांचाच येऊन राहिला." आधी कानातला मळ काढायला हवा होता, तपासणी करून मशीन त्यांच्या कानाला जुळवायला हवं होतं, आणि सवय होईपर्यंत कोणीतरी पुन्हापुन्हा जायला हवं होतं. यातलं मी काहीच केलं नव्हतं.

आता नोंदणीच्या वेळीच आम्ही माणसाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून काही आकडे कुजबुजतो आणि ते परत म्हणायला सांगतो. ज्याला जमत नाही त्याच्या घरचं माणूस बोलावतो, थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून देतो. वेळ लागतो, ऑपरेशनं कमी होतात. देणगीदार विचारतात, तेव्हा ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी माणसाला किती दिसतंय, ते मी त्यांना दाखवते.

पैशाचं कोडं मात्र सुटलेलं नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरिबांना ३००० रुपये मिळतात. त्यात चष्मा होतो; चांगलं डिजिटल मशीन होत नाही. वरचे पैसे कुठून आणायचे, यासाठीच सध्या माझी धावपळ चालू आहे.