संत्र्याच्या वेबसाइटची मराठी

धरमपेठ, नागपूर

चि. छकुलीस,


वेबसाइटसाठी एआयकडून लिहून घेतलेले तिन्ही मजकूर वाचले. ‘प्रोफेशनल’, ‘फ्रेंडली’ आणि ‘लग्झरी’ यांतली कोणती शैली ठेवू, असं विचारलंस. एकही नको. पहिल्यात तुम्ही ग्राहकांच्या समाधानासाठी कटिबद्ध आहात, दुसऱ्यात ‘चला तर मग मित्रांनो’ म्हणत उड्या मारताय, आणि तिसऱ्यात संत्र्याला निसर्गाची सोनेरी देणगी करून टाकलंय. माल मोर्शीच्या बागेतला आहे, हे एकाही ओळीवरून कळत नाही. तोच मजकूर सोलापूरच्या चादरींना चिकटवला तरी खपून जाईल.

यंत्राचा यात फार दोष नाही. ढिगाने वाचलेल्या मजकुरावरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, एवढंच ते जोखतं. त्याच्या वाचनात इंग्रजी अफाट, मराठी त्या मानाने थोडी. त्यामुळे ‘फ्रेंडली’ म्हटलं की ते तिकडचीच सलगी मराठी शब्दांत ओततं. आपल्याकडचा आपुलकीचा दुकानदार गिऱ्हाइकाला मित्र म्हणत नाही, एक फोड हातावर ठेवतो आणि ‘खाऊन पाहा’ म्हणतो.

म्हणून त्याला विशेषणं देऊ नकोस, नमुने दे. तू व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाइकांना लिहितेस ते मी पाहिलंय: ‘पेटी आज निघाली. प्रवासात एखादं फळ दबलं असेल तर आधी बाजूला काढा, नाहीतर शेजारची खराब होतील.’ याहून चांगली शैली मी तरी कुठून आणू? असे दहा-बारा निरोप त्याच्यापुढे ठेव आणि सांग, वाक्यं एवढीच लहान हवीत, वाचणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणायचं, आणि मी दिलेल्या माहितीपलीकडचं एक अक्षर घालायचं नाही. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. तुझ्या ‘लग्झरी’ मजकुरात ‘शतकांची परंपरा’ आहे. बाग तुझ्या आजोबांनी लावली, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही पक्की गोष्ट मात्र तिन्ही मजकुरांत नाही. आणि कर्करोगापासून बचाव होतो वगैरे जे लिहिलंय, ते आजच्या आज काढ.

खऱ्या बोलण्यातून शैली कशी येते, हे बघायला लांब जायला नको. तुमच्याच तालुक्यात रिद्धपूर आहे, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते तिथेच. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून त्यांनी आठवणी गोळा केल्या, आणि दोघांचं सांगणं जुळलं नाही तर दोन्ही नोंदवून ठेवली. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली १९७८ची प्रत माझ्या कपाटात आहे, आलीस की चाळ. छोटी, बोलती वाक्यं आहेत. ती शैली कुणी यादीतून निवडलेली नव्हती. बोलणारी माणसं खरी होती आणि लिहिणारा त्यांच्या बोलण्यात ढवळाढवळ करत नव्हता, त्यातून ती आली. तुझ्या हाताशी तर मोबाईल आहे. बाबा बागेत फिरताना जे बोलतात ते रेकॉर्ड कर, कागदावर उतरव आणि मग यंत्राकडे दे. कापाकापी, क्रम लावणं, शुद्धलेखन, हे काम त्याला छान जमतं.

वऱ्हाडीत लिहून घ्यायचा तुझा बेत मला पटत नाही. ‘काहून’ आणि ‘करून राहिलो’ पेरलं की वऱ्हाडी होते, असं त्या यंत्राला वाटतं, सिनेमावाल्यांनाही वाटतं. बाबांचं एखादं वाक्य जसंच्या तसं, त्यांच्या नावाने टाक. ते शोभेल.

सगळ्या पानांना एकच सूर लावायचाही हट्ट नको. बागेच्या पानावर गप्पा चालतील. पेटी उशिरा पोचणार असेल तेव्हा मात्र कारण, नवी तारीख आणि पैसे परत कसे मिळतील, एवढंच लिही. पैसे अडकलेल्या माणसाला गोडवा नको असतो.

‘संत्र्याचे फायदे’ छापाचे चाळीस लेख पाडून गुगलवर वर येऊ, असं तुझा वेबसाइटवाला म्हणतो. गुगलने फेब्रुवारी २०२३ मध्येच सांगितलं की मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो कामाचा आहे का, हे आम्ही बघतो. आणि मार्च २०२४ मध्ये केवळ क्रमांकासाठी घाऊक पाडलेल्या मजकुराविरुद्ध नियम कडक केले. त्या लेखांचे पैसे वाचव.

इथे गोकुळपेठेत ठेल्यासमोर उभी राहणारी माणसं काय विचारतात ते सांगते: माल कुठला? बहार आंबिया की मृग? डझनाला भाव काय? फोफसं तर नाही ना? वेबसाइटवर येणारीही हीच माणसं किंवा त्यांची पुण्यातली मुलं. तुझ्या तिन्ही मजकुरांत या चार प्रश्नांतल्या एकाचंही उत्तर नाही.

आंबियाचा माल ऑक्टोबरपासून सुरू होईल. त्याआधी भावाचं पान आणि बागेचं पान, एवढी दोनच लाव. लावण्याआधी बाबांना मोठ्याने वाचून दाखव, आणि ‘आपण असं कुठं बोलतो?’ असं ते ज्या ओळीला म्हणतील, ती ओळ काढून टाक.

तुझी,
आत्या