सायनाइडच्या टेकडीवरून नानांना

बंगारपेट, बुधवार रात्र

ती. नाना यांस,

मारिकुप्पमच्या गाडीने आज कोलारच्या सोन्याच्या खाणी पाहून आले. वाटेतली कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन ही स्टेशनंही खाणींच्याच नावांची. 1880 पासून खणता खणता चॅम्पियन रीफ तीन किलोमीटरहून खोल गेली. 28 फेब्रुवारी 2001ला सगळं थांबलं.

उरले ते डंप, म्हणजे पिठासारख्या बारीक वाळूच्या टेकड्या. पावसाने त्यांच्या अंगावर खोल घळी पाडल्यात. दगड दळायचा, सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवायचं, जस्ताची भुकटी टाकून ते खाली बसवायचं आणि उरलेली वाळू इथे ओतायची. जे सोनं दगडाच्या कणाच्या पोटात अडकलं, तिथवर सायनाइड पोचलंच नाही. मला आपल्या सोनारकामाच्या दुकानातला केर आठवला, झारेकरी दर दिवाळीला विकत नेतो आणि धुऊन त्यातलं सोनं काढतो तो. तुम्ही भट्टीची राखसुद्धा टाकू देत नाही.

असे 13 डंप आहेत, मिळून सुमारे 3.3 कोटी टन. सोनं टनामागे ग्रॅमभरही नाही. तरी 2024च्या जूनमध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने त्यांच्या लिलावाच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. याच वाळूतून पूर्वी टंगस्टनचं खनिज, शीलाइटही काढत.

शुक्रवार

नाना, काल खाणकामगारांच्या चाळीत गेले होते. एका बाईंनी बसायला पाट दिला, पण आधी तो पुसला. मी उठले तेव्हा त्यावर माझ्या बैठकीचा आकार उमटला होता, भोवती पांढरी धूळ. वाऱ्याचे दिवस आले की ताटावर ताट पालथं घालतात, म्हणाल्या. त्यांचे वडील खाणीत होते, खोकतच गेले. आपल्या ब्राह्मणवेलला वारा पवनचक्क्या फिरवतो; इथे तो घराघरात वाळू भरतो.

रात्री हिशेब मांडला आणि झोप उडाली. टनातून ग्रॅम काढला तरी मागे टनच उरतो. सगळं सोनं निघालं, तरी टेकडी तेवढीच राहणार, वर नव्याने सायनाइड लागलेली. म्हणून लिलावाच्या अटींत या बाईंचा पाट यायला हवा. धुतलेली वाळू कुठे टाकणार, तिच्यावर माती-गवत कोण धरवणार, हे सोन्याच्या आधी लिहून घ्यायला हवं.

रविवारी निघते. केराची पेटी यंदा मी येईपर्यंत देऊ नका. झारेकरी धुऊन झाल्यावर गाळ कुठे ओततो, ते मला पाहायचंय.

तुमची,
बेबी