चोवीस कशाचे?

कुकरची शिट्टी बिघडली तर आमच्या बाजारपेठेतल्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून ती दुरुस्त करून घेता येते. शिंप्याकडे कुर्ता शिवायला टाकला तर तो आधी आपल्याकडे बघतो, मग टेप काढतो. चप्पल शिवणारासुद्धा चप्पल हातात घेण्याआधी पायाकडे एक नजर टाकतो. देणारा आणि घेणारा समोरासमोर असतात, दोन शब्द बोलणं होतं आणि त्या दोन शब्दांतच अर्धं काम होऊन जातं. यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी माझ्या मुलीची टेनिसची रॅकेट कुरियरने दूरच्या शहरात पाठवावी लागली, तेव्हा ते कळलं. त्याची किंमत मात्र माझ्या मुलीच्या हाताला मोजावी लागली.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो. मी इथल्या उर्दू हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. मुलीचे अब्बा कुवेतला असतात. मुलगी चौदा वर्षांची. गावात सिमेंटचं एकच टेनिस कोर्ट आहे आणि निवृत्त झालेले एक क्रीडाशिक्षक पहाटे तिथे पाच-सहा मुलांना शिकवतात. फज्रची नमाज झाली की ही ट्रॅकपँट, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि स्कार्फ घालून सायकलवर निघते.

हे सहज घडलं असं कुणी समजू नये. माझ्या सासूबाईंना ते पसंत नव्हतं. "मुलीच्या जातीला रोज उन्हात पळायचं काय काम?" हा त्यांचा सवाल. माझ्याकडे त्याचं पाठ केलेलं उत्तर नव्हतं, पण एक आठवण होती. २००५ च्या फेब्रुवारीत सानिया मिर्झाने हैदराबादची डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली. एकेरीत असं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि मी बी.एड. करत होते. होस्टेलच्या मेसमध्ये त्या दिवशीचं वर्तमानपत्र इतक्या हातांतून फिरलं की संध्याकाळपर्यंत त्याची घडी फाटली. आमच्यापैकी कुणी टेनिस खेळणार नव्हतं, तरी सगळ्यांना आनंद झाला होता. मुलीने "मी खेळू का?" असं विचारलं तेव्हा मला तो फाटलेला पेपर आठवला आणि मी हो म्हटलं. सासूबाई गप्प राहिल्या. पण त्यांचं गप्प राहणं म्हणजे परवानगी नव्हती, मुदत होती. हे मला ठाऊक होतं, आणि मुलीलाही ठाऊक होतं.

रॅकेट तिच्या अब्बांनी रजेवर येताना आणलेली. वर्षभरात तिची एक तार तुटली. तार बदलण्याला खेळाडू गटिंग म्हणतात. एका रॅकेटला जवळपास बारा मीटर तार लागते. आमच्या रॅकेटला उभ्या १६ आणि आडव्या १९ तारा आहेत, आणि त्या मशीनवर ठरावीक ताणाने ओढून बसवाव्या लागतात. आमच्या भागातल्या खेळाच्या दुकानात बॅडमिंटनचं गटिंग होतं. "टेनिसचं आम्ही घेत नाही," असं त्यांनी सांगितलं. मग मोठ्या शहरातलं एक दुकान समजलं, जे कुरियरने रॅकेट मागवून घेतं आणि काम करून परत पाठवतं.

सरांना विचारलं, ताण किती ठेवायचा? ते म्हणाले, "चोवीस." मी कागदाच्या चिठ्ठीवर '२४' लिहिलं, चिठ्ठी दोऱ्याने दांड्याला बांधली, जुन्या चादरीत रॅकेट गुंडाळून खोक्यात घातली आणि पाठवून दिली. पावसाचे दिवस, घाटात दरड कोसळलेली. रॅकेट अकराव्या दिवशी परत आली. जाण्या-येण्याचं कुरियर गटिंगच्या मजुरीपेक्षा जास्त झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच चेंडू कुंपणावरून शेजारच्या माडांच्या बागेत गेला. दुसराही गेला. सरांनी तळहाताने जाळी दाबून पाहिली आणि म्हणाले, "ही रॅकेट आहे की मासे धरायचं जाळं?"

मी रागारागाने दुकानात फोन लावला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, चिठ्ठीवर तुम्हीच चोवीस लिहिलंय." ते खरंच होतं. सर जुन्या पद्धतीने किलोत बोलले होते. दुकानातला मुलगा दिवसभर बॅडमिंटनच्या रॅकेटी करणारा, तिथे चोवीस पौंड हा नेहमीचा आकडा. त्याने चोवीस पौंड ओढले. चोवीस किलो म्हणजे जवळपास त्रेपन्न पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी ताण बसला. रॅकेटच्या फ्रेमवर बारीक अक्षरांत पौंड आणि किलो दोन्ही आकडे छापलेले होते. त्याने ते पाहिले नाहीत, आणि मीही पाहिले नाहीत.

अनुस्वार राहिला तर मी मुलांचा अर्धा गुण कापते. "एका टिंबाने अर्थ बदलतो, बाळांनो," हे वाक्य मी वर्गात किती वेळा बोलले असेन! आणि मी स्वतः 'किलो' हा दोन अक्षरांचा शब्द लिहायचा सोडून दिला होता. स्टाफरूममध्ये हा किस्सा सांगितला तेव्हा गणिताचे सर हसून म्हणाले, "एकक न लिहिल्यास आमच्याकडेही अर्धा गुण जातो." इथवर ती हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती.

रॅकेट पुन्हा पाठवली. या वेळी स्वच्छ लिहिलं, '५३ पौंड, नायलॉनची तार'. आठवड्याने परत आली. हाताला चांगली घट्ट लागत होती. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत मुलगी जिंकली, आता विभागीय स्पर्धेला जायचं होतं. सराव वाढला. घरात पहिल्यांदाच टेनिसचा विषय जेवताना निघू लागला.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी भाकरीचं पीठ मळताना मी पाहिलं, ती डाव्या हाताने मळत होती. आपली मुलगी उजवी आहे, हे आईला कुणी सांगावं लागत नाही. मी विचारलं, "हाताला काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." मग मी नुसतं बघत राहिले. पाण्याचा जग डाव्या हाताने उचलला. दप्तर डाव्या खांद्यावर घेतलं. मग़रिबनंतर तिला जवळ बसवून कोपराच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं मात्र, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती दिवस झाले?"

"पंधरा."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर दादी म्हणाली असती, मी आधीच बोलले होते. मग खेळणं बंद झालं असतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पंधरा दिवस माझ्या समोरच्या ताटावर बसून ती दुखणं गिळत होती. का, तर आमच्या घरात तिच्या खेळाला जी जागा मिळाली होती ती इतकी अपुरी होती की तिथे तक्रारीला वाव नव्हता. मी परवानगी दिली होती, पण "दुखलं तर सांग, त्यामुळे परवानगी जाणार नाही," हे वाक्य द्यायचं राहून गेलं होतं. हेही एक न लिहिलेलं एककच.

डॉक्टरांनी तीन आठवडे रॅकेट हातात घ्यायची नाही असं बजावलं. विभागीय स्पर्धा त्याच तीन आठवड्यांत होऊन गेली. सरांनी रॅकेट मागवून घेतली, तार नखाने दाबली आणि म्हणाले, "ही नायलॉनची नाही, पॉलिएस्टरची आहे." ती टिकते जास्त, मोठे खेळाडू ती वापरतात, पण ती कडक असते. चेंडूचा दणका ती स्वतः कमी सोसते आणि हाताकडे जास्त पाठवते. वाढत्या वयाच्या मुलांना बारीक धाग्यांची नायलॉनची मऊ तारच बरी. दोष एकट्या तारेचा नव्हता, सरावही एकाएकी वाढला होता, हे सरांनीच सांगितलं. पण दोन्ही एकाच वेळी त्या कोपरावर येऊन पडलं.

आता घरात सांगणं भाग होतं. सासूबाई तसबीह फिरवत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं आणि "मी आधीच बोलले होते" ऐकायची तयारी ठेवली. त्यांनी तसबीह बाजूला ठेवली, नातीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मला विचारलं, "त्या दुकानदाराला फोन केलास का?"

मी केला. या वेळी मालक स्वतः बोलले. नायलॉनची तार संपली होती, स्पर्धेची घाई दिसली, म्हणून त्यांनी महागातली तार घातली आणि वरचे पैसेही लावले नाहीत. त्यांच्या मते त्यांनी आमच्यावर मेहेरबानीच केली होती. मी म्हटलं, "भाईसाहेब, ही रॅकेट चौदा वर्षांची मुलगी खेळते." ते क्षणभर थांबले. "हे चिठ्ठीत नव्हतं, बाई," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "पण न विचारता घातली, ही माझी चूक. परत पाठवा, मजुरी घेणार नाही."

तो माणूस लबाड नव्हता. त्याच्यासमोर फक्त एक फ्रेम होती, तिच्यामागचा हात त्याला दिसला नव्हता. मी दुकानात उभी असते, मुलगी बाजूला असती, तर त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं असतं आणि पॉलिएस्टरची तार परत कपाटात ठेवली असती. दुसऱ्याची वस्तू हातात आली की ती अमानत असते, हे त्यालाही माहीत असणार. पण अमानत सोपवणाऱ्यानेही ती काय आहे, कुणाची आहे, हे पुरतं सांगायला हवं. दूर पाठवलेल्या वस्तूला तोंड नसतं. तिच्यासाठी चिठ्ठीलाच बोलावं लागतं.

माझ्यासारख्या लहान गावात राहणाऱ्या आया कमी नसतील, म्हणून आम्ही काय शिकलो तेही सांगते. बॅडमिंटनच्या रॅकेटलाही यातलं बरंच लागू पडतं. चिठ्ठीत आकड्यापुढे पौंड की किलो हे लिहायचंच. तारेचा प्रकार लिहायचा, आणि खाली एक ओळ: 'ही तार नसेल तर फोन करा, दुसरी घालू नका.' खेळणाऱ्याचं वय आणि आठवड्यातून किती दिवस खेळते, हेही लिहायचं. एक तार तुटली की बाकीच्या तारा फ्रेमला वेडीवाकडी ओढत राहतात, म्हणून ती तशीच ठेवायची नाही. मधून सुरुवात करून उभी-आडवी आळीपाळीने सगळी जाळी कापून टाकायची आणि मगच रॅकेट पाठवायची. पाठवण्यापूर्वी फ्रेमचा फोटो काढून ठेवायचा. सोमवारी पाठवायची, म्हणजे रविवारी गोदामात पडून राहत नाही. नवी तार पहिल्या दिवसातच बराच ताण सोडते, साधारण दहावा हिस्सा, आणि गरम गाडीत पडून राहिली तर आणखी. म्हणून परत आलेली रॅकेट दुकानातल्यापेक्षा थोडी सैल लागली तर लगेच भांडायला धावू नये. आणि जमलं तर जुनी का होईना, दुसरी रॅकेट घरात असावी. आम्ही कॉलेजला गेलेल्या एका मुलीची जुनी घेतली.

घरातली चिठ्ठीही आम्ही नव्याने लिहिली, पण ती कागदावर नाही. जेवायला बसल्यावर सासूबाईच आता विचारतात, "आज हात कसा आहे?" आणि मुलगी खरं सांगते. कधी "बरा आहे," कधी "थोडा ठणकतोय." ठणकत असेल त्या दिवशी रॅकेट खुंटीवर राहते, आणि खेळ बंद झाला असं कुणी म्हणत नाही.

गेल्या महिन्यात रॅकेट पुन्हा पाठवली. चिठ्ठी मुलीने स्वतः लिहिली. मी वहीसारखी तपासली, गुण कापायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला. "बाई, तुम्ही लिहिलेली नायलॉनची तार संपलीय. गुरुवारी माल येईल. थांबणार, की दुसरी घालू?"

मी फोन मुलीच्या हातात दिला.

"थांबते," ती म्हणाली.